सोनाआत्याची दाढ

मंडळी, एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करायची आहे. हातातलं काम बाजूला ठेवा, डोक्यावरची टोपी सरळ करा आणि ऐका. या जगात माणसांच्या जाती दोनच आहेत. एक उष्ण आणि दुसरी थंड. बाकीच्या जाती, पोटजाती, धर्म आणि पंथ ही लोकांनी रिकामपणी काढलेली भानगड आहे. हा शोध माझ्या सोनाआत्याने लावला. निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मस्तगड भागात, आमच्याच ओट्यावर बसून लावला आणि त्याची सगळी शिक्षा मी भोगली.

आत्याच्या हिशेबात तहसीलदार उष्ण. पोस्टमन थंड, म्हणून तर पत्रं उशिरा यायची. शेजारचा कापडवाला मारवाडी शेठ वरून थंड आणि आतून उष्ण, आणि हा प्रकार सगळ्यांत वाईट. माझी बायको यमुना सकाळी थंड आणि स्वयंपाक झाला की उष्ण. मी एकदा मोठ्या आशेने विचारलं, "आत्या, मी कोण?"

तिने मला खालून वर पाहिलं. "तू कोमट हायेस, इष्णू."

यापेक्षा शिवी बरी.

शोध नुसता शोध राहिला असता तर मी काही बोललो नसतो. पण आत्या स्वयंपाकघराची मालकीण होती. तिने पहिल्या झटक्यात मिरची बंद केली. मग लसूण, मग तीळ, गूळ, मग बाजरी. जालन्यात राहून ठेच्याशिवाय भाकरी खाणं म्हणजे काय, हे ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. सकाळी मुगाचं वरण, संध्याकाळी मुगाची खिचडी, मधल्या वेळी काकडी, आणि सणावाराला दुधी भोपळा. मी त्या काळी जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. दिवसभर कापसाची धूळ खाऊन घरी यावं आणि ताटात परत पांढरंच काहीतरी दिसावं, असे ते दिवस होते. लढाई तिकडे युरोपात चालली होती, पण खायचे हाल मात्र आमच्या घरात झाले.

आता ही आत्या कोण, ते सांगतो. सोनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर शेतकऱ्याचं, गाव परतूरकडचं. तिचं लग्न ती परकरात असताना झालं, आणि लुगडं नीट सावरायला शिकेपर्यंत ती विधवा होऊन माहेरी परत आली. तेव्हापासून घरातली सगळी आजारपणं तिच्या वाट्याला आली. म्हणजे दुसऱ्यांची. आजोबांचा दमा, आजीचं अर्धांग, माझ्या वडिलांचा शेवटचा ताप, माझ्या कांजिण्या आणि गोवर. उशाला बसायची ती सोनाआत्या. ती स्वतः मात्र कधी आजारी पडली नाही. आमच्या घरात आजारी पडायची पाळी तिच्यापर्यंत कधी आलीच नाही. एकदा भाकरी थापताना तिला विंचू चावला. ते तिने उरलेल्या भाकरी झाल्यावर सांगितलं. आम्ही ओरडलो, तर म्हणाली, "तवा तापल्ता. मंग उठू कशी?"

मी जालन्याला नोकरीला लागलो तेव्हा ती आमच्याबरोबर आली. आणि साठीच्या आसपास तिची खालची डावी दाढ दुखायला लागली. हे तिच्या आयुष्यातलं पहिलं, स्वतःच्या मालकीचं दुखणं. ती "दाढ दुखते" असं म्हणत नसे. "माझी दाढ दुखून राह्यली," म्हणे, आणि 'माझी'वर जोर देई. जणू नवी पाटली केली होती.

लवंग झाली, हळद-मीठ झालं, कुणीतरी सांगितलेला धूर घेऊन झाला. शेवटी मी तिला स्टेशनच्या रस्त्यावरच्या चिनी दातवाल्याकडे नेलं.

या माणसाचं नाव चांग. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचा चांगदेव केला. तो कलकत्त्याहून सिकंदराबादला आणि तिथून आमच्याकडे आलेला. दारावर उर्दू पाटी आणि पाटीवर एक दात रंगवलेला, तो लांबून मुळ्यासारखा दिसायचा. बुटका, स्वच्छ, कमी बोलणारा माणूस. जे बोलायचा ते अर्धं हैदराबादी आणि अर्धं आमच्या मोंढ्याच्या बाजारातलं.

"मुंह खोलो, बाई," तो म्हणाला.

आत्याने पदर तोंडावर ओढला. "इष्णू, ह्याच्या हातात पक्कड हाय."

"आत्या, तो दातवाला आहे. त्याच्या हातात काय टाळ असणार?"

"आधी तब्येत बघ म्हणावं. न बघता पक्कड लावायला मी काय खिळा हाय?"

चांगने दमून श्वास सोडला. पक्कड खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि म्हणाला, "हात दो." मनगटावर तीन बोटं ठेवून त्याने डोळे मिटले. आम्हाला हकीम माहीत, वैद्य माहीत. पण इतका वेळ नाडी धरून बसलेला माणूस मी पाहिला नव्हता. एक हात झाला, मग दुसरा. बाहेर दोन टांगे येऊन गेले. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "जीभ."

"अगं माय!" आत्या माझ्याकडे वळली. "सासूनं सांगितल्तं, जीभ आवर. ह्यो म्हणतो, भाईर काढ. ऐकू तरी कुणाचं?"

शेवटी जीभ निघाली. चांगने ती पाहिली आणि मान हलवली. "पेट में आग है, बाई. दाढ म्हणजे धुराडं. धूर वर दिसतो, चूल खाली है."

मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. दाढ डाव्या बाजूची, पण त्याने धरला उजवा हात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या मांसल जागी त्याने आपला अंगठा रोवला आणि दाबत राहिला. आत्या आधी ओरडली, मग गप्प झाली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"इष्णू," ती कुजबुजली, "उतरून राह्यलं रे."

"ये थोडी देर का है," चांग म्हणाला. "दाढ सडली. काढनी पडेगी. सोमवारी या, काढून टाकतो."

आता हे वाक्य नीट लक्षात घ्या. त्यात दोन गोष्टी होत्या: सोमवारी या, आणि दाढ काढतो. आत्याने त्यातली पहिली उचलली आणि दुसरी तिथेच ठेवून घरी आली.

त्या सोमवारी ती गेली. आग अजून विझली नाही, असं तीच म्हणाली, म्हणून दाढ राहिली. पुढच्या सोमवारी गेली. दाढ राहिली. असे किती सोमवार गेले, ते मोजायचं त्राण माझ्यात नव्हतं. टांग्यात तिच्या शेजारी बसून मी स्टेशनच्या रस्त्यावर इतके हेलकावे खाल्ले की तो घोडा मला बघून मान फिरवायचा.

दर सोमवारी पहाटेपासून घरात लग्नघाई. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल, आणि "इष्णू, जल्दी कर, त्याच्याकडं गर्दी होती." गर्दी कसली? तिथे तेव्हा आम्हीच असायचो. आल्यावर सुरुवातीला ती डोक्यावरून अंघोळ करायची. परका माणूस, काय खातो न काय पितो, त्याने हात धरलेला. काही दिवसांनी नुसते हातपाय धुऊ लागली. पुढे पुढे पायावर तांब्याभर पाणी ओतलं की झालं. यमुना माझ्याकडे बघायची आणि मी काकडीकडे बघायचो.

चांगने सहज म्हणून एक वाक्य बोलावं आणि आत्याने त्याचं शास्त्र करावं. त्याने सांगितलं की त्याच्या मुलखात उष्णतेवर शेवंतीच्या फुलांचा काढा पितात. दुसऱ्या दिवशी आत्या फुलवाल्यापुढे उभी. तो म्हणाला, "हार करू का बाई? देव कोणता?"

"देव न्हाई. चहा हाय."

त्या फुलवाल्याने पुढे बरेच दिवस आमच्या घराकडे संशयाने पाहिलं. तो चहा मी प्यालो आहे. देवाच्या पायावर वाहिलेलं काही आपण परत घेऊन प्यालो, अशी चव होती.

मग तिने जिभा बघायला सुरुवात केली. दुपारी गल्लीतल्या बायका ओट्यावर रांगेत बसायच्या आणि एकीमागून एक जीभ बाहेर काढायच्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, आमच्या घराला वेडावून दाखवायचा काही कुळाचार आहे. सासू-सुनेचं भांडण तिच्याकडे आलं की दोघींनाही धने-जिऱ्याचं पाणी. शेजारच्या शेठच्या बायकोने तक्रार आणली की नवरा फार चिडचिड करतो, त्याला सब्जा. शेठ सब्जाचा पेला हातात घेऊन माझ्याकडे आला आणि काकुळतीने म्हणाला, "भाऊ, तुमची आत्या कधी बरी व्हणार?"

"शेठजी, मीबी त्याचीच वाट बघून राह्यलो."

एकदा मला राहवलं नाही. फॅक्टरीतल्या हमालांबरोबर बसून मी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बाजरीची भाकरी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने की आनंदाने, सांगता येणार नाही. तोंड तीनदा धुतलं, वर पान खाल्लं, घरी आलो.

"जीभ," आत्या दारातच म्हणाली.

"आत्या, पान खाल्लंय."

"पान वरून हाय. खाली काय हाय?"

मी एका कुटुंबाचा कर्ता पुरुष, दारात जीभ काढून उभा. यमुना आत तोंडात पदर कोंबून हसत होती. त्या आठवड्यात मला मुगाचं पाणी मिळालं. मूगही नाही.

खरा हैराण झाला होता तो चांग. एकदा आत्या बाहेर टांग्यात बसल्यावर त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "बाबूजी, मैं दात का आदमी हूँ. रोज दहा बाया येतात, जीभ दाखवतात आणि जातात. दात कोणीच देत न्हाई. म्हणतात, सोनाबाई बोली, पहले आग बुझाव. मेरी पक्कड को जंग लग गया."

"मग तिला आगीचं सांगितलंत कशाला?"

त्याने बाहेरच्या टांग्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई डर गई थी. कुछ तो बोलना था."

पण मी पाहत होतो, तोही सोमवारी दुसरं स्टूल आधीच पुसून ठेवायचा. हात दाबायचं काम काही क्षणांचं. ते होऊन गेलं तरी दोघं बोलत बसायची. हात तसाच त्याच्या हातात. आत्या त्याला घरातलं सगळं सांगायची, माझ्या पगारापासून यमुनाच्या खिचडीपर्यंत. एकदा तिने विचारलं, "माय हाय का रे तुला?"

"थी. अब मालूम न्हाई. मेरे मुलुक में भी लढाई है, तिकडून चिठ्ठी येत न्हाई."

पुढच्या सोमवारपासून टांग्यात आत्याच्या मांडीवर एक डबा असायचा. आमच्या घरची खिचडी आवडीने खाणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

आणि मग वैशाख आला. आमच्याकडचा वैशाख म्हणजे आगीचं शास्त्र न शिकलेल्यालाही आग कळते. एका सकाळी आत्याचा डावा गाल भोपळ्यासारखा सुजला. त्यातच अंगात ताप. तोंड बोटभरही उघडेना. मूग गेले, मुगाचं पाणीही जाईना. मी तिला चांगकडे नेलं. त्याने गालाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आज. अभी. विष हाडात चाललंय, बाई. हाडातून रक्तात जाईल."

आत्याने मान हलवली. नाही.

"आत्या, अगं मरशील!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फारच किरकोळ गोष्ट काढली होती. मग बोटाने टांगा दाखवला. आम्ही परत आलो.

घरात सगळ्यांनी आपापले उपाय केले. यमुना रडली. शेठची बायको रागावली. मी ओरडलो, हात जोडले, मग परत ओरडलो. पक्कडीला भिते, असं सगळे म्हणत होते. मला ते पटेना. विंचवाला न भिणारी बाई पक्कडीला भिणार? पण मग काय, ते मला कळेना. ताप चढत होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि दाढेवरचा हात काढत नव्हती. हातातली चीज कुणी हिसकावून नेईल, अशी धरून बसली होती.

असा सोमवार उजाडला. आत्या उठली नाही. लुगडं दोरीवर तसंच राहिलं.

चार वाजून गेले असतील. ऊन अजून ओट्यावर होतं. दारात चांग उभा होता, हातात चामडी पेटी. इतक्या वर्षांत तो माणूस स्टेशनचा रस्ता सोडून मस्तगडात आलेला कुणी पाहिला नव्हता. त्याच्यामागे अर्धी गल्ली आली होती.

"सोमवार है," तो म्हणाला. "बाई आली न्हाई. मैंने रास्ता देखा."

आत्या ते ऐकून उठून बसली. पदर सावरला. आम्ही तिला ओट्यावर उजेडात आणलं. चांग तिच्यासमोर उकिडवा बसला. पेटी उघडली नाही.

"बाई, एक गोष्ट सांगतो. आग, धुराडं, चूल, हे माझं न्हाई. माझ्या बापाचं है. तो गावात औषध देता था. बहुत बडा आदमी. नाडी बघायचा, जीभ बघायचा, सबको अच्छा करता था. फिर उसकी दाढ सडी. अशीच. गाल असाच. सब बोले, काढ. तो बोलता था, पहले आग." चांग थांबला. "आग आग करता करता गेला. मैं छोटा था. इसलिए मैं वैद्य न्हाई झालो. पक्कड शिकलो."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. सुजलेल्या गालाने माणूस रडतो की नाही, ते समजत नाही. मग ती ओठ न हलवता म्हणाली, "किती वर्साचा होतास?"

"याद न्हाई. इतना." त्याने जमिनीपासून हात वर धरून दाखवला.

आत्याने त्या हाताच्या उंचीकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले आणि तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं.

चांगने पेटी उघडली आणि माझ्याकडे वळला. "बाबूजी, मेरे को दोनों हाथ लगते. आज तुम धरो. यहाँ दबाव, जोर से."

मी आत्याचा उजवा हात घेतला. आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावायची रीत. आत्याच्या पायांशी मी जन्मभर वाकलो, सणाला, परीक्षेला, लग्नात, गावाला जाताना. हात धरायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. भाकरी थापून राठ झालेला, हाडकुळा, अगदी लहान हात. तिने तो आधी ओढून घेतला. मग पुन्हा माझ्या हातात ठेवला. चांगने दाखवलेली जागा मी दाबली.

पुढचं सगळं फार लवकर झालं. पक्कड आत गेली, चांगच्या मानेची शीर फुगली, आत्याची बोटं माझ्या हातात एकदा घट्ट आवळली, आणि दाढ बाहेर आली. बरोबर जी काय घाण आली ती सांगत नाही. यमुनाने गरम पाणी दिलं, आत्याने चुळा भरल्या, चांगने कापसाचा बोळा दाबून बसवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली. गल्लीने सुस्कारा सोडला. शेठ तर म्हणाला, "चला, आता मिरची!" आणि लोक हसले.

चांगने दाढ तिच्यासमोर धरली. तिने बघितलीही नाही. तो हात धुऊन, पेटी बंद करून उठला. थकला होता, पण खुशीत होता.

"बस, बाई. छुट्टी. आता काही दुखणार न्हाई. माझ्याकडे यायची बिलकुल जरूरत न्हाई."

आत्याचा हात अजून माझ्या हातात होता. गल्ली जमलेली, यमुना उभी, शेठ उभा, तोंडात कापूस, आणि चांगने बोलू नको म्हणून बजावलेलं. तरी तिने तो कापूस गालात सारला, आणि जिने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं ती आमची सोनाआत्या सगळ्यांदेखत बोलून गेली:

"मंग सोमवारी मी कुठं जाऊ?"